गॅरंडसाठी पावडर आणि पितळ: बोल्ट रायफलची सवय बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही टेक्सासमध्ये राहता. सात-आठ वर्षं बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायच्या) .३०-०६ रायफलसाठी घरीच काडतुसं भरता, आणि उडवलेल्या केसचा, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याचा, फक्त गळा दाबून मापात आणता, म्हणजे साइझ करता. आता एम-१ गॅरंड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक लष्करी रायफल, हाती आली आहे. घरात आयएमआर ४३५० या पावडरचा आठ पौंडांचा डबा पडून आहे, स्वतःच्या रायफलमधून एकदा-दोनदा उडवलेल्या केसेस टोपलीभर आहेत, आणि एका ओळखीच्याने जुन्या लष्करी केसेसची पिशवी दिली आहे. हे सगळं गॅरंडमध्ये चालेल का, आणि नसेल तर पावडर कुठली, पितळ कुठलं?

डबा चालणार नाही. टोपली चालेल, पण आज ज्या पद्धतीने तुम्ही केसेस तयार करता त्या पद्धतीने नाही. पिशवीतलं काही चालेल, काही भंगारात जाईल. उत्तर एवढंच आहे. पण 'का' समजलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरा डबा विकत घेताना तोच प्रश्न पुन्हा उभा राहील, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दोन गोष्टी. मी पावडरचं वजन ग्रेनमध्ये (पावडर आणि बुलेट तोलायचं बारीक माप) सांगणार नाही. कुणाच्या सांगीवरून आलेला आकडा काडतुसात भरायचा नसतो, माझ्याही नाही. तो पावडर कंपनीच्या किंवा बुलेट कंपनीच्या छापील तक्त्यातून घ्यायचा, खालच्या टोकापासून सुरू करायचा. हॉर्नाडीच्या हँडबुकात गॅरंडसाठी .३०-०६ चा वेगळा विभागच आहे, तो घ्या. दुसरं, हे भारतात बसून कुणी वाचत असेल तर तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायला लागलात की लागतो.

आता मुद्द्याचं. बोल्ट रायफलमध्ये प्रत्येक काडतुसाची तपासणी तुमचा हात करत असतो, तुमच्या नकळत. केस थोडी लांब असेल तर बोल्ट खाली येताना जड लागतो. केस चिकटली तर दांडा उचलताना कळतं. दाब जास्त झाला तर हात आधी बोलतो, डोळा नंतर बघतो. गॅरंडमध्ये हा हात मधून निघून गेला आहे. काडतूस आत ढकलतो तो स्प्रिंग, आणि तो धाडकन ढकलतो. रिकामी केस ओढून काढतो तो गॅस, आणि तो वाट बघत नाही. त्यामुळे हाताला जे कळायचं ते सगळं आता आधी, टेबलावर, मोजून कळून घ्यायचं. पावडर आणि पितळ दोन्हींची निवड याच एका गोष्टीतून निघते.

गॅरंडची नळी २४ इंचांची. तोंडाच्या जेमतेम दीड इंच अलीकडे, नळीच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक आहे, तो गॅस पोर्ट. बुलेट त्या भोकावरून पुढे गेली की मागचा गॅस खाली सिलिंडरमध्ये घुसतो आणि ऑप-रॉड नावाच्या लांब दांड्याला मागे ढकलतो. हा दांडा सरळ नाही. नळीच्या खालून येत, मध्ये वळण घेत तो उजव्या बाजूच्या हँडलपर्यंत पोचतो. बुलेट तोंडातून बाहेर पडली की दाब संपतो. म्हणजे दांड्याला धक्का मिळतो तो फार थोडा वेळ, पण तेवढ्या वेळात भोकापाशी दाब किती आहे यावर सगळं अवलंबून.

बोल्ट रायफलवाल्याची गफलत होते ती इथे. आपण दाब म्हणतो तेव्हा मनात असतो तो कमाल दाब, जो चेंबरपासून, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेपासून, पहिल्या काही इंचांतच येऊन जातो. .३०-०६ साठी सामीची (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) मर्यादा ६०,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), तीही त्या कमाल दाबाचीच. गॅरंडच्या ऑप-रॉडला त्या कमाल दाबाशी घेणंदेणं नाही. त्याला कळतो तो नळीच्या टोकाशी उरलेला दाब. ४३५० सारखी सावकाश जळणारी पावडर त्याच कमाल दाबात बसवायची तर जास्त भरावी लागते. जास्त पावडर म्हणजे जास्त गॅस, आणि तो उशिरापर्यंत तयार होत राहतो. बुलेट भोकापाशी पोचते तेव्हा तिथे दाब चढाच असतो. तक्त्यात काडतूस अगदी मर्यादेत असतं, केसवर दाबाची एकही खूण नसते, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) गोल-गरगरीत असतो, आणि तरीही दांड्याला प्रत्येक गोळीला हातोडा बसत असतो. मूळचं वळण जास्त वाकतं, बोल्ट वेगाने मागे जाऊन रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलच्या मुख्य सांगाड्याच्या, टाचेवर आदळतो. हे नुकसान पहिल्या क्लिपला (आठ काडतुसं धरणारी पत्र्याची पकड) दिसत नाही. दोनशे-तीनशे गोळ्यांनंतर रायफल कुरकुरायला लागते, तेव्हा माणूस तेल घालत बसतो.

दुकानातली शिकारीची काडतुसं गॅरंडमध्ये चालत नाहीत म्हणतात, त्यामागेही हेच कारण. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे सीएमपी, ज्यांच्याकडून बहुतेक लोक गॅरंड घेतात, त्यांची सूचनाच आहे की ५०,००० सीयूपीच्या (दाब मोजायचं जुनं माप) वरची आणि १७२-१७४ ग्रेनपेक्षा जड बुलेटची काडतुसं वापरू नका. जड बुलेट नळीत जास्त वेळ रेंगाळते, तिच्यामागे सावकाश पावडर भरलेली असते, म्हणजे दुखणं तेच. बाजारात बदलता येणारे गॅस प्लग मिळतात, जास्तीचा गॅस बाहेर सोडणारे. ते चांगले आहेत, पण पुन्हा पुन्हा भरायच्या काडतुसाला प्लगचा आधार देणं म्हणजे गळक्या छपराखाली कायमची बादली ठेवणं. स्वतः भरताच आहात तर पावडरच बरोबर घ्या.

बरोबर म्हणजे कुठली? गॅरंडवाल्यांची जुनी रेघ अशी आहे: वेगवान टोकाला आयएमआर ३०३१, सावकाश टोकाला आयएमआर ४०६४, आणि या दोघींच्या मधलं घ्या. मधोमध बसते ती ४८९५. यात योगायोग नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या एम-२ बॉल या गॅरंडच्या नेहमीच्या लष्करी काडतुसात जी पावडर भरली जायची तीच ही. युद्ध संपल्यावर सरकारकडे ती ढिगाने उरली. ब्रूस हॉजडन नावाच्या कॅन्ससच्या गृहस्थाने ती विकत घेऊन घरी काडतुसं भरणाऱ्यांना विकायला सुरुवात केली, आणि त्यातून आजची हॉजडन कंपनी उभी राहिली. रायफल आणि पावडर एकमेकींना ओळखतात म्हणायचं ते यासाठी.

पण एक सापळा आहे. आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत. नंबर एक, घराणं एक, जळण्याचा वेग जवळजवळ सारखा, पण एकीचा तक्ता दुसरीला लावायचा नाही. एच ४८९५ आता ऑस्ट्रेलियात बनते. तापमानाने तिचा वेग फारसा हलत नाही, आणि तुमच्या टेक्सासच्या उन्हाळ्यात हा मोठा गुण आहे. एप्रिलमध्ये जुळवलेलं काडतूस ऑगस्टच्या दुपारी गाडीतून काढून रेंजवर नेलं की जुन्या धाटणीच्या पावडरीचा दाब वर सरकतो. माझी निवड विचाराल तर एच ४८९५. मिळाली नाही तर आयएमआर ४८९५, आणि त्यात मला कसलाही कमीपणा वाटत नाही. ४०६४ अचूक आहे, मॅच नेमबाजांची लाडकी, पण तिचे दाणे लांब, काड्यांसारखे. पावडर मेझरमध्ये (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्रात) ते अडकतात, कापले जातात, आणि प्रत्येक काडतुसाचं वजन थोडं थोडं हलतं. तुम्ही प्रत्येक चार्ज, म्हणजे एका काडतुसाची पावडर, तराजूवर तोलणार असाल तर ४०६४ जरूर घ्या. वार्गेट ही पावडर काठावर आहे. पुष्कळ लोक वापरतात, मी गॅरंडमध्ये वापरत नाही. ४३५०, ४८३१ आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या सावकाश पावडरी बाहेर.

दुसऱ्या टोकाचीही हौस काहींना असते: हलकी, मवाळ काडतुसं. एच ४८९५ कमी भरून वापरता येते हे खरं, हॉजडन स्वतः तसं छापते. बोल्टमध्ये मुलांना शिकवायला उत्तम. गॅरंडमध्ये मात्र दांडा पुरता मागे जाणार नाही. केस अर्धवट बाहेर येऊन अडकेल, किंवा आठवी गोळी झाली तरी क्लिप उडणार नाही. तो 'टिंग' आवाज ज्यासाठी निम्मे लोक ही रायफल घेतात, तोच गायब. तेव्हा फार वर नाही आणि फार खाली नाही, अशी चिंचोळी पट्टी आहे, आणि एम-२ बॉल तिच्या मधोमध आहे. १५० ग्रेनच्या आसपासची बुलेट, ७८ फुटांवर मोजलेला वेग सेकंदाला २,७४० फूट. तुमच्याकडे क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर १५० ग्रेनच्या बुलेटला हा आकडा नजरेसमोर ठेवा. याच्या वर जायचं काहीच कारण नाही. कागदी लक्ष्याला तो वेग पुरून उरतो.

पावडर बदलली की यंत्र बदलतं याचा सगळ्यात कडू धडा गॅरंडने नाही, तिच्या नातीने दिला आहे. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलची घडण आणि सुरुवातीच्या चाचण्या ड्यूपाँटच्या काडीदार पावडरीवर झाल्या होत्या. १९६४ पासून सैन्याने काडतुसांत डब्ल्यूसी ८४६ ही गोल दाण्यांची बॉल पावडर भरायला सुरुवात केली. बुलेटचा वेग तोच, कमाल दाब मर्यादेत, कागदावर सगळं ठीक. पण गॅस पोर्टपाशी दाब वाढला, रायफलचा फैरींचा वेग वाढला, केस अजून चेंबरला घट्ट असतानाच ओढली जाऊ लागली, आणि पावडरीतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर गॅसच्या नळीत साचू लागला. त्यात चेंबरला क्रोम नव्हतं आणि सफाईचं सामान पुरेसं पोचलं नव्हतं. व्हिएतनाममध्ये सैनिक अडकलेल्या रायफली हातात घेऊन मेले. १९६७ मध्ये काँग्रेसच्या उपसमितीने, आयकॉर्ड समितीने, चौकशी केली तेव्हा पावडरीतला बदल हा ठळक मुद्दा होता. बॉल पावडर वाईट असते असा याचा अर्थ मुळीच नाही. पुढे तिच्यातलं कॅल्शियम कार्बोनेट कमी केलं, बफर (बोल्टचा वेग मोडणारा भाग) बदलला, चेंबरला क्रोम आलं, आणि तीच पावडर नीट चालली. त्याच घराण्यातली बीएल-सी(२) आजही दुकानात मिळते. अर्थ एवढाच की सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये पावडर हा यंत्राचाच एक भाग आहे. स्प्रिंग बदलताना जेवढा विचार करता तेवढा तिच्यासाठी करा.

आता पितळ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं बालपण वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत गेलं. वडील कारखान्यातलं घरी बोलत नसत, बोलायची परवानगीही नव्हती. पण पितळाबद्दल बोलत. पितळ मार खाऊन कडक होतं आणि आगीने नरम होतं, हे मला शाळेच्या आधी माहीत होतं. पुण्याच्या तांबट आळीत कारागीर हंडा ठोकता ठोकता मध्येच थांबून भट्टीत का घालतो, त्याचं उत्तर तेच. काडतुसाच्या केसचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. प्रत्येक वेळी ती उडते तेव्हा फुगते, डायमध्ये (केस मापात आणायच्या साच्यात) दाबली की आवळते, आणि या मारामारीत गळा कडक होत जातो. कडक गळा बुलेट नीट धरत नाही आणि एके दिवशी उभा चिरतो. लष्करी केसच्या गळ्यावर निळसर-तपकिरी छटा दिसते ती कारखान्यातल्या शेवटच्या अनीलिंगची, म्हणजे तापवून नरम करण्याची. घाण समजून ती घासत बसू नका. घरी अनीलिंग करत असाल तर फक्त गळा आणि खांदा (गळ्याखालचा उतार). बूड तापलं आणि नरम झालं तर ती केस बाँब आहे, तिला दुसरा शब्द नाही.

पितळाचीच आणखी एक गोष्ट, आपल्याकडची. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जायची, आणि न उडवताच त्यांना तडे जायचे. पावसाळ्यात होतं म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. खरं कारण १९२१ मध्ये नक्की झालं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि केसमध्ये उरलेला ताण. म्हणून केसेस चमकवायला अमोनिया असलेलं धातूचं पॉलिश कधीही वापरू नका. आपल्या आजीची पद्धत बरोबर होती, चिंच किंवा लिंबू. मी कोमट पाण्यात थोडं लिंबूसत्व आणि थेंबभर भांड्यांचा साबण घालतो, दहा मिनिटं ठेवतो, खळखळून धुतो आणि दोन दिवस वाळवतो. आरशासारखी चमक येत नाही. यायची गरजही नाही, गॅरंड ती गवतातच फेकणार आहे.

तेच मनात ठेवून केसेस निवडा. लापुआचं पितळ सुंदर असतं, पण गॅरंड केस फेकते, तिची कड ठेचते, तोंडाला पोचा पाडते, आणि चार-पाच वेळांत तिचं आयुष्य संपवते. बोल्टमध्ये तुम्ही दहा-बारा वेळा भरत असाल. इथे मी चौथ्या भरणीनंतर केस टाकून देतो, चांगली दिसली तरी. यावर माझ्याशी वाद घालणारे मित्र आहेत. त्यांच्या केसेस सहाव्या वेळी मधून तुटल्याचंही मी पाहिलं आहे. तेव्हा दणकट आणि फार महाग नाही असं पितळ हवं. माझ्या मते दोन उत्तम. एक, मिझुरीतल्या लेक सिटी कारखान्याचं, बुडावर 'एलसी' आणि वर्षाचे दोन आकडे, साठच्या दशकातल्या .३०-०६ केसेस विशेष चांगल्या. दुसरं, ग्रीसचं 'एचएक्सपी'. सीएमपीने ती भरलेली काडतुसं वर्षानुवर्षं विकली, त्यामुळे रिकाम्या केसेसही लोकांकडे भरपूर आहेत. यातलं काहीच नसेल तर विंचेस्टर, रेमिंग्टन, हॉर्नाडी यांपैकी एक धरा आणि त्यालाच चिकटून राहा. वेगवेगळ्या शिक्क्यांच्या केसेस एका गठ्ठ्यात मिसळू नका. भिंती जाड-पातळ असतात, आतली जागा कमी-जास्त होते आणि त्याच पावडरीचा दाब बदलतो. लष्करी केस बहुधा जाड असते. शिकारीच्या केसमध्ये जुळवलेला चार्ज तसाच्या तसा तिच्यात ओतायचा नाही. खाली उतरून पुन्हा वर यायचं.

लष्करी केसेसना प्रायमर क्रिंप केलेला, म्हणजे कडा दाबून पक्का केलेला, असतो. जुना प्रायमर काढल्यावर खड्ड्याच्या कडेला ती दाबलेली रेघ राहते. ती रीमरने कापा किंवा स्वेजने दाबून काढा. तसंच नवा प्रायमर रेटला तर तो वाकडा बसेल किंवा वर राहील, आणि वर राहिलेला प्रायमर गॅरंडमध्ये काय करतो ते पुढे सांगतो.

साइझिंग. तुम्ही लिहिलं आहे की तुम्ही फक्त गळा साइझ करता, म्हणजे केस तुमच्या चेंबरच्या मापाची राहते. बोल्टसाठी छान सवय. इथे ती घातक आहे. मीही हेच केलं होतं. पहिल्या वर्षी गळा साइझ केलेल्या केसेस भरून रेंजवर गेलो. तिसऱ्या काडतुसाला बोल्ट पाव इंच उघडा राहिला. मी तळहाताने हँडलवर ठोसा मारायला हात उचलला, तेवढ्यात शेजारच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ असे ओरडले की मी जागच्या जागी गोठलो. रायफल समोर रोखलेली ठेवून, बोट बाहेर ठेवून, हळूच बोल्ट मागे ओढायला त्यांनी लावला. काडतूस हातात घेऊन प्रायमरवर पडलेला बारीक खळगा दाखवला. म्हणाले, हे काडतूस दार बंद व्हायच्या आधी पेटलं असतं तर तुझा अंगठा आणि तो लाकडी स्टॉक, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना गेले असते. मी घरी येऊन उरलेली सत्तेचाळीस काडतुसं एक-एक करून उघडली. संध्याकाळ गेली, अंगठा राहिला.

म्हणून फुल-लेंग्थ साइझिंग, म्हणजे फक्त गळा नाही तर अख्खी केस मापात आणणं, दर वेळी, अपवाद नाही. खांदा किती मागे ढकलायचा? कारखान्यात आपण ज्याला थाऊ म्हणतो, इंचाचा हजारावा भाग, तसे तीन ते पाच थाऊ. बोल्टमध्ये एक-दोन पुरतात. इथे थोडी जास्त जागा हवी, म्हणजे धूळ आणि काजळी धरूनही स्प्रिंग दार बंद करू शकेल. पण त्याहून जास्त ढकलू नका. दर वेळी केस बुडापाशी ताणली जाते आणि आतून पातळ होते. मोजायला केस गेज किंवा कॅलिपरला लावायचा कंपॅरेटर घ्या, पावडरच्या एका डब्याच्या किमतीत येतो. एक बारकावा लक्षात ठेवा: गॅरंडमधून उडालेली केस चेंबरपेक्षा थोडी लांब मोजली जाऊ शकते, कारण तिला थोडा दाब शिल्लक असतानाच ओढलेलं असतं. तेव्हा पहिल्या मापावर फार तत्त्वज्ञान रचू नका. साइझ केलेली केस गेजमध्ये बसते का ते पाहा. वंगण नीट लावा. कोरडी केस डायमध्ये अडकली की ती काढण्यात रविवार जातो.

मग लांबी. .३०-०६ केसची कमाल लांबी २.४९४ इंच, कापून २.४८४ वर आणायची. ताणलेली केस लांब राहिली तर तिचं तोंड चेंबरच्या शेवटी दाबलं जातं, बुलेट आवळली जाते आणि दाब चढतो. बोल्टमध्ये हात सांगेल. इथे स्प्रिंग तसंच ठोकून देईल.

केस मरायला आली की सांगते, फक्त विचारायला हवं. बुडाच्या थोडं वर बाहेरून फिकट चकचकीत कडी दिसली तर शंका घ्या. मग एक कागदी क्लिप सरळ करा, टोकाला बारीक आकडा करा आणि केसच्या आत बुडापासून वर ओढत आणा. आत खाच लागली तर केस गेली. कडी दिसो न दिसो, तिसऱ्या भरणीपासून मी प्रत्येक केसला हे करतो. शंभर केसेसला अर्धा तास लागतो, रेडिओ लावून.

आता तो खळगा. गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते, तिला मागे धरणारा स्प्रिंग नाही. बोल्ट धाडकन बंद होतो तेव्हा पिन स्वतःच्या वजनाने पुढे सरकून प्रायमरला टेकते आणि बारीक खळगा पाडते. एवढं नेहमीचं आहे. पण प्रायमर मऊ असेल किंवा बुडाच्या वर आलेला असेल, तर ट्रिगर न दाबता काडतूस उडू शकतं. याला स्लॅमफायर म्हणतात. म्हणून मी सीसीआय ३४ वापरतो, लष्करी मापाचा, कमी संवेदनशील. तो मॅग्नमसारखा गरम पेटतो, तेव्हा साध्या प्रायमरवरून त्याच्यावर येताना पावडर पुन्हा खालून सुरू करा. प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच थाऊ आत हवा. प्रत्येकावरून बोट फिरवा. बोटाला उंचवटा लागला तर काडतूस बाजूला. आणि एकेक काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडण्याची बोल्ट रायफलवाली सवय तर सोडाच. क्लिपमधून चढवा. क्लिपमधून काडतूस ओढताना बोल्टचा वेग थोडा मोडतो.

बुलेट क्रिंप करायची गरज नाही, पण गळ्याची पकड घट्ट हवी. भरलेलं काडतूस लाकडी टेबलावर उभं दाबून पाहा. बुलेट आत सरकली तर रायफलच्या धक्क्यातही सरकेल. पहिल्या दिवशी क्लिपमध्ये दोनच काडतुसं घाला. केस कुठे पडते ते बघा, तिची कड फाटली का बघा, प्रायमर बघा. मगच आठ.

राहिली ती पिशवी. ती टेबलावर ओता आणि भिंगाने बुडाचे शिक्के वाचा. 'एलसी' आणि 'एचएक्सपी' वेगळ्या काढा. बाकीच्यांत तोंडातून टॉर्च मारून आत पाहा. मधोमध एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धत, भरता येते. दोन बारीक भोकं असतील तर बर्डन. डायमधली सुई त्यात मोडेल आणि केस तुमच्या कामाची नाही. गंमत अशी की बर्डन अमेरिकन होता आणि बॉक्सर इंग्रज, आणि आज अमेरिका बॉक्सर वापरते तर युरोपातली बरीच लष्करं बर्डन. मशीनगनमधून उडालेल्या केसेस बुडापाशी फुगलेल्या असतात. गेजमध्ये साइझ करूनही बसत नाहीत, त्यांच्याशी झटापट करू नका. हिरवे डाग खोल गेलेल्या, चिरलेल्या, ठेचलेल्या, सगळ्या एका डब्यात टाका. प्रायमर जिवंत नाही याची खात्री करा, पक्कडने तोंड चेपा, म्हणजे दुसरा कुणी त्या उचलून भरणार नाही. भंगारवाला पितळ पौंडावर घेतो. चार-पाच पौंड जमले तर एच ४८९५ च्या डब्याला थोडा हातभार लागेल.